लिन कास्टन आणि बीएमएक्सचा पोकळ चिमटा

आडवाट

मी आठवीत असताना आमच्या वसाहतीमागे पाण्याच्या टाकीसाठी खोदलेल्या मातीचा मोठा ढीग पडला होता आणि त्यावरून सायकल उडवणे हा आमचा उन्हाळाभराचा उद्योग होता. तिसऱ्या की चौथ्या दिवशी माझ्या सायकलचा पुढचा चिमटा वाकला. वरवर पाहता फारसे काही झालेले दिसत नव्हते. पण चाक दोन बोटे मागे सरकले होते आणि वळताना चवडा टायरला घासत होता. दुकानदार काकांनी चाक काढले, चिमट्यात पहार अडकवून तो पुढे ओढला, एक डोळा मिटून रेघ धरली आणि म्हणाले, "सरळ केलाय, पण आता तो त्याच जागी वाकणार." आठवडा संपायच्या आत तो त्याच जागी वाकला.

बीएमएक्स शर्यतींच्या, म्हणजे छोट्या सायकलींच्या मोटोक्रॉस शर्यतींच्या, यंत्रभागांचा इतिहास वाचू लागलो तेव्हा मला तो चिमटा वारंवार आठवला, कारण या खेळाच्या जन्माच्या वेळी दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मुलांचीही हीच अडचण होती. श्विन कंपनीने १९६३ साली बाजारात आणलेली स्टिंग-रे ही २० इंची चाकांची, उंच हँडलची आणि लांबट सीटची सायकल तिकडच्या मुलांमध्ये अतिशय लोकप्रिय होती. मोटारसायकलींच्या मोटोक्रॉस शर्यती पाहणाऱ्या मुलांनी या सायकलींचे मडगार्ड काढले, मोकळ्या जागांवर मातीच्या वाटा तयार केल्या आणि मोठ्यांची नक्कल सुरू केली. १९७० साली लाँग बीच येथे स्कॉट ब्राइटहॉप्ट या अवघ्या तेरा वर्षांच्या मुलाने स्वतः शर्यती भरवायला सुरुवात केली. १९७१ साली आलेल्या 'ऑन एनी संडे' या मोटारसायकलींवरील माहितीपटाच्या सुरुवातीलाच अशा सायकलस्वार मुलांचे दृश्य आहे आणि त्यामुळे हा खेळ अमेरिकाभर पोचायला मोठी मदत झाली.

खेळ वाढला, परंतु सायकल मात्र शाळेत जाण्यायेण्यासाठी बनवलेलीच राहिली. तिचा चिमटा बहुधा घडीव, चपट्या आणि भरीव पात्यांचा असे. असे चिमटे बनवणाऱ्या ओहायो राज्यातल्या गावावरून त्याला आजही जुने लोक 'अ‍ॅश्टाब्युला' चिमटा म्हणतात. सपाट रस्त्यावर तो आयुष्यभर टिकत असे. मात्र दोन फुटांवरून पुढचे चाक आधी टेकले की त्याचे पाय मागे झुकत.

या ठिकाणी लिन कास्टन यांचा प्रवेश होतो. लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो खोऱ्यात १९७० साली त्यांनी माइक कॉनले यांच्यासह रेडलाइन ही कंपनी सुरू केली. तिचा मूळ व्यवसाय सायकलींचा नव्हताच. मातीच्या लंबगोल धावपट्टीवर, म्हणजे फ्लॅट ट्रॅकवर, धावणाऱ्या शर्यतीच्या मोटारसायकलींसाठी ते फ्रेम बनवत असत. त्या शर्यतीत स्वार प्रत्येक वळणावर मागचे चाक घसरवत नेतो, म्हणून फ्रेम हलकी असावी लागते आणि तिला पिळही सोसावा लागतो. क्रोमॉली पोलादाच्या, म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाच्या, पातळ नळ्या कापणे, त्यांची तोंडे एकमेकांवर चपखल बसतील अशी घासणे आणि त्या सांध्यावर स्वच्छ वेल्डिंग करणे हे कास्टन यांचे रोजचे काम होते. १९७४ साली त्यांनी हेच काम २० इंची सायकलच्या चिमट्यावर केले. भरीव पात्यांऐवजी क्रोमॉलीच्या दोन पोकळ नळ्या, वर हँडलच्या दांड्याला वेल्डिंगने पक्क्या केलेल्या आणि खाली चाकाचा अ‍ॅक्सल अडकवण्यासाठी पोलादी पट्टीचे कान, असे त्याचे रूप होते. बीएमएक्ससाठी घडवलेला पहिला नळीचा चिमटा म्हणून तो ओळखला जातो आणि आजच्या बीएमएक्स सायकलचा चिमटा समोर ठेवला तर त्याचे कुळ चटकन लक्षात येते.

त्या काळच्या उत्तम स्वारांची नावे चाहत्यांना तोंडपाठ असतात आणि ती असायलाच हवीत. परंतु ज्या उडीमुळे ते नावाजले, ती उडी दिवसातून पन्नास वेळा घेता येणे हे न वाकणाऱ्या चिमट्यामुळे शक्य झाले. खाली उतरताना यंत्र साथ देईल अशी खात्री असल्याशिवाय कोणताही मुलगा पुढचा उंचवटा पूर्ण वेगाने घेत नाही. कास्टन यांनी ती खात्री मुलांच्या हातात दिली, असे माझे ठाम मत आहे आणि यावर जाणकारांनी लिहावे म्हणून हा धागा काढला आहे.

लेथवाला

धागा आवडला. माझे अर्धे आयुष्य नळ्या कापण्यात आणि जोडण्यात गेले आहे, म्हणून 'पोकळ' या शब्दावर थोडे सविस्तर लिहितो. पोकळ वस्तू कमकुवत असते असा आपल्याकडे सर्रास समज आहे आणि तो वाकण्याच्या बाबतीत बरोबर उलटा आहे.

कोणतीही दांडी वाकते तेव्हा तिची एक बाजू ताणली जाते, दुसरी दाबली जाते आणि मधल्या भागावर जवळजवळ काहीच ताण येत नाही. म्हणजे भरीव दांडीतले मधले पोलाद नुसते वजन वाढवत असते. तेच पोलाद मधून काढून बाहेरच्या कडेला नेले तर तेवढ्याच वजनात दांडी कितीतरी ताठ होते. उदाहरणादाखल आकडेच घेऊ. बाहेरून २५ मिलिमीटर व्यासाची आणि दीड मिलिमीटर जाडीच्या भिंतीची नळी घ्या. तिच्याइतक्याच वजनाची भरीव गोल दांडी करायची तर तिचा व्यास जेमतेम १२ मिलिमीटर भरतो. या दोन्हींची तुलना केली तर नळी जवळजवळ आठपट ताठ ठरते आणि कायमची वाकण्याआधी ती पावणेचार पट भार सोसते. धातू तोच आणि वजनही तेच. फरक आहे तो फक्त पोलाद कुठे ठेवले आहे याचा.

आता धातूविषयी. ४१३० या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्रोमॉलीमध्ये साधारण ०.३ टक्के कार्बन, एक टक्क्याच्या आसपास क्रोमियम आणि ०.१५ ते ०.२५ टक्के मॉलिब्डेनम असते. साध्या मऊ पोलादापेक्षा ते बरेच बळकट असते आणि तरीही व्यवस्थित वेल्ड होते, म्हणून विमानांच्या सांगाड्यांसाठी आणि शर्यतीच्या मोटारींसाठी ते फार पूर्वीपासून वापरात होते. त्याला एक पथ्य मात्र पाळावे लागते. पातळ नळीवर जास्त वेळ उष्णता राहिली किंवा जोड वाऱ्यात पटकन थंड झाला, तर सांध्याच्या शेजारचा पट्टा ठिसूळ होतो आणि पुढे तिथूनच तडा जातो. आमच्याकडे ज्याला सगळे आर्गॉन वेल्डिंग म्हणतात त्या टिग पद्धतीत उष्णता एका ठिपक्यापुरती ठेवता येते. वितळलेल्या धातूचे तळे मसुराच्या दाण्याएवढे राखायचे, दुसऱ्या हाताने तार पुढे सरकवायची आणि नळीला भोक पडायच्या आत पुढच्या ठिपक्यावर जायचे, हे कौशल्य हाताला बसायला वर्षे लागतात. कास्टन यांच्याकडे ते मोटारसायकलींच्या कामातून आधीच होते. आकाराची कल्पना कोणालाही सुचू शकली असती. ती कल्पना हजारो चिमट्यांमध्ये एकसारखी उतरवणे हे मला त्यांचे अधिक मोठे काम वाटते.

सह्यकडा

आडवाट, लेख चांगला आहे, पण एका माणसाच्या पदरात एवढे श्रेय टाकणे मला पटले नाही. त्याच सुमारास त्याच परिसरात इतरही लोक हेच करत होते. स्किप हेस हे ड्रॅग रेसिंगच्या, म्हणजे सरळ पट्टीवरच्या मोटारशर्यतींच्या, क्षेत्रातले गृहस्थ. १९७४ साली सिमी व्हॅली येथे आपल्या गॅरेजमधून त्यांनी बीएमएक्स प्रॉडक्ट्स ही कंपनी सुरू केली आणि 'मोटोमॅग' हे मिश्रधातूचे ओतीव चाक आणले. तारांचे चाक उडीनंतर सतत आउट निघत असे, त्यावरचा तो थेट उपाय होता. पुढे याच कंपनीने मॉन्गूस या नावाने सायकली विकल्या. गॅरी टर्नर हेही ड्रॅग रेसिंगच्या सांगाड्यांवर वेल्डिंग केलेले. त्यांनी आपल्या मुलासाठी क्रोमॉलीची फ्रेम बनवली, ती पाहून इतरांनी मागणी केली आणि १९७९ साली रिचर्ड लाँग यांच्यासह त्यांनी जीटी ही कंपनी स्थापन केली.

कास्टन, हेस आणि टर्नर या तिघांची पार्श्वभूमी पाहिली तर खरे श्रेय त्या प्रदेशाला द्यावेसे वाटते. विमानांचे कारखाने, मोटारशर्यतींच्या कार्यशाळा, सहज मिळणाऱ्या उत्तम नळ्या आणि त्या जोडणारे कुशल हात हे सारे तिथे एकत्र होते. कास्टन नसते तर वर्षभरात दुसऱ्या कोणीतरी तो चिमटा बनवला असता.

आडवाट

सह्यकडा, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि हेस व टर्नर यांची नावे मूळ लेखातच यायला हवी होती, हे मान्य करतो. प्रदेशाविषयी तुम्ही जे लिहिले आहे तेही खरे आहे. तरीही मी कास्टन यांना वेगळे का काढतो, ते सांगतो.

पहिले कारण असे की चाक आउट निघाले तर शर्यत हातची जाते, पण चिमटा तुटला तर स्वार थेट तोंडावर आपटतो. म्हणून सायकलच्या सर्व भागांमध्ये चिमटा हा विश्वासाचा भाग आहे आणि तो नव्याने घडवण्याची जोखीम घेणारा माणूस फार मोठी जबाबदारी अंगावर घेत असतो. दुसरे कारण टिकाऊपणाचे आहे. ओतीव चाक त्या काळात फार उपयोगी पडले, त्यानंतर स्कायवे कंपनीची नायलॉनची चाकेही गाजली. परंतु शर्यतीत वजन कमी करण्याची निकड वाढली तशी मजबूत रिमची तारांची चाके परत आली. नळीचा चिमटा मात्र हटला नाही. आज सर्वोच्च पातळीवरचे शर्यतपटू कार्बन तंतूंचे चिमटे वापरतात. तेही आतून पोकळच असतात.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. १९७४ मध्ये या प्रश्नाचे एक अगदी वेगळे उत्तर बाजारात आले होते. यामाहा कंपनीने पुढे-मागे सस्पेन्शन असलेली मुलांची सायकल काढली, आणि त्याच वर्षी यामाहाच्या नावाने भरवलेल्या मोठ्या शर्यतमालिकेचा अंतिम टप्पा लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये झाला. ती मालिका ब्राइटहॉप्ट यांनीच आखली होती. मोटारसायकलची नक्कल करायची तर सस्पेन्शनही हवे, हा विचार वरवर अगदी स्वाभाविक वाटतो. पण मोटारसायकलला इंजिन असते आणि या सायकलला फक्त एका मुलाचे पाय असतात. सस्पेन्शनचे वजन त्याच पायांनी ओढावे लागते आणि प्रत्येक पायडलबरोबर स्प्रिंग दबून थोडी ताकद वाया जाते. कास्टन स्वतः मोटारसायकलींच्या जगातले असूनही त्यांनी मोटारसायकलचा हा भाग घेतला नाही. त्यांनी फक्त तिची नळी आणि तिचा जोड घेतला, आणि धक्का शोषण्याचे काम स्वाराच्या कोपरांवर व गुडघ्यांवर सोपवले. काय घ्यायचे आणि काय सोडायचे, याची ही निवड मला असामान्य वाटते.

एकच गिअर

चिमट्यावर भरपूर चर्चा झाली, पण कास्टन यांचे क्रँक, म्हणजे पायडल ज्यांच्या टोकाला बसतात त्या दांड्या, राहून गेले. मी कॅलिफोर्नियात राहते आणि माझी मुलगी गेली चार वर्षे बीएमएक्स शर्यतीत भाग घेते, त्यामुळे या भागाशी माझा संबंध दर आठवड्याला येतो.

आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींना क्रँक दांड्याला कॉटर पिनने अडकवलेला असतो, हे सर्वांना ठाऊक आहे. अमेरिकेतल्या मुलांच्या सायकलींना मात्र एकच पोलादी सळई वाकवून केलेला अखंड क्रँक असे. डावा क्रँक, मधला दांडा आणि उजवा क्रँक असे तिन्ही मिळून एकच तुकडा. म्हणून फ्रेममधली त्याची नळी ५१ मिलिमीटरहून रुंद ठेवावी लागते, नाहीतर तो वाकडा तुकडा आत शिरणारच नाही. स्वस्त, सोपा आणि पान्याने कोणालाही काढता येणारा, अशी त्याची ख्याती होती. शर्यतीत मात्र त्याची दोन्ही कोपरे दगा देत.

हे समजण्यासाठी सुरुवातीच्या फाटकापाशी पाच मिनिटे उभे राहावे. उतरणीच्या माथ्यावर आठ मुले चाके फाटकाला टेकवून, दोन्ही पाय पायडलवर ठेवून तोल साधत उभी असतात. "रायडर्स रेडी, वॉच द गेट" अशी ध्वनिमुद्रित सूचना येते, काही क्षणांची अनिश्चित शांतता जाते, मग दिवे लागतात आणि फाटक धाडकन खाली पडते. पायडलच्या त्या पहिल्या अर्ध्या फेरीत मूल आपले सारे वजन पुढच्या पायडलवर टाकते आणि वरून हँडल ओढून आणखी जोर लावते. क्रँक १७५ मिलिमीटर लांब धरला आणि स्वाराचे वजन ६० किलो धरले, तर नुसत्या उभे राहण्यानेच दांड्यावर १०० न्यूटन मीटरहून अधिक पीळ येतो. हाताने ओढल्यामुळे तो आणखी वाढतो.

उडीवरून उतरताना वेगळाच प्रकार घडतो. तेव्हा दोन्ही क्रँक आडव्या रेषेत असतात, एक पाय पुढे आणि एक मागे. दोन्ही पायांचा धक्का एकाच क्षणी खाली येतो, म्हणजे पुढचा क्रँक दांड्याला एका दिशेने फिरवू पाहतो आणि मागचा विरुद्ध दिशेने. चेन त्यात काहीच मदत करत नाही. तो पीळ मधल्या दांड्यालाच सोसावा लागतो. अखंड क्रँक इथे हळूहळू पिळत जाई आणि मग दोन पायडल एका रेषेत राहत नसत.

चिमट्याचेच सूत्र कास्टन यांनी इथे लावले. क्रोमॉलीच्या पोकळ नळीचे दोन क्रँक आणि त्यांना जोडणारा वेगळा मजबूत दांडा, असा तीन तुकड्यांचा संच रेडलाइनने 'फ्लाइट' या नावाने आणला. तो महाग होता, तरी शर्यतपटूंनी तो उचलून धरला. पुढे फ्लोरिडातल्या प्रोफाइल या कंपनीने बारीक ४८ खाचा असलेल्या दांड्याचे क्रोमॉली क्रँक बनवले, तेही फार नावाजले गेले. माझ्या मुलीच्या सायकलवर आज जो क्रँक आहे तो या दोघांपैकी कोणाचाच नाही, पण त्याचे तीन तुकडे सुटे करून टेबलावर ठेवले की ही सारी वंशावळ समोर मांडल्यासारखी दिसते.

सह्यकडा

एकच गिअर, पिळाचे हे स्पष्टीकरण फार उपयोगी आहे. दोन्ही पायांचा धक्का परस्परविरुद्ध दिशांनी दांड्यावर येतो, हे माझ्या कधी लक्षातच आले नव्हते. कास्टन यांच्याविषयीचा माझा आक्षेप मी थोडा सौम्य करतो. चिमटा एकदा सुचणे हा योगायोग म्हणता आला असता. पण तेच तत्त्व चिमट्याला, मग क्रँकला आणि रेडलाइनच्या व्ही आकाराच्या हँडललाही लावले गेले, तेव्हा त्यामागे निश्चित विचार होता असेच म्हणावे लागेल.

शर्यतीच्या बाजूनेही एक गोष्ट जोडतो. स्टू थॉमसन हा त्या काळचा अत्यंत ताकदवान स्वार १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रेडलाइनच्या संघात होता. कारखान्याचा स्वतःचा संघ असणे ही निव्वळ जाहिरात नव्हती. दर रविवारी जो भाग मोडला तो सोमवारी कार्यशाळेच्या टेबलावर येई आणि पुढच्या तुकडीत तिथली नळी किंवा जोड बदलता येई. अशी जिवंत प्रयोगशाळा सर्वसामान्य सायकल कारखान्यांकडे नव्हती. १९८२ साली ओहायोतल्या डेटन येथे पहिली जागतिक स्पर्धा झाली, २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये हा खेळ पोचला आणि तिथे लाटवियाचा मारिस श्ट्रोम्बेर्ग्स व फ्रान्सची आन-कॅरोलिन शोसोन विजयी झाले. आज ऑलिंपिक दर्जाच्या धावपट्टीवर सुरुवातीचा उतार आठ मीटर उंच असतो. त्या उंचीवरून भरीव पात्यांच्या चिमट्यासह कोणी खाली उतरेल, ही कल्पनाही करवत नाही.

माळरान

मी या खेळातला नाही, पण एक व्यावहारिक प्रश्न विचारतो. माझ्या बारा वर्षांच्या मुलासाठी एक जुनी बीएमएक्स सायकल मिळते आहे. विकणारे सांगतात की चिमटा क्रोमॉलीचा आहे. तो खरोखर तसा आहे का आणि आतून खराब झालेला नाही ना, हे घरच्या घरी कसे पाहावे?

लेथवाला

माळरान, नुसत्या नजरेने धातू ओळखता येत नाही. चांगल्या चिमट्याच्या दांड्यावर, म्हणजे फ्रेमच्या आत जाणाऱ्या भागावर, बहुधा ४१३० किंवा क्रोमॉली असा ठसा असतो. तो पाहण्यासाठी हँडल आणि वाट्या काढून चिमटा पूर्ण बाहेर काढावा. त्या निमित्ताने छर्रे आणि वाट्याही पाहून होतील.

त्यानंतर खरी तपासणी. जिथे दोन्ही पाय दांड्याला मिळतात तो जोड रॉकेलच्या फडक्याने स्वच्छ पुसा आणि उजेडात तिरपा धरून पाहा. रंगाला केसासारखी बारीक रेघ दिसली किंवा त्या रेघेतून गंजाचा तांबूस ओघळ आलेला असला, तर तिथे तडा आहे असे धरून चालावे. मग चाक बसवून बाजूने पाहा: वरच्या दांड्याची रेघ डोळ्यांनी खाली वाढवत आणली तर बीएमएक्समध्ये अ‍ॅक्सल तिच्या थोडा पुढे असतो. तो रेघेवर किंवा मागे असेल तर चिमट्याने मार खाल्लेला आहे. जोडाच्या खालच्या बाजूला, नळीच्या मागच्या अंगाला बोट फिरवा. तिथे सुरकुतीसारखा फुगवटा लागला तर नळी दबलेली आहे.

यापैकी काहीही आढळले तर फ्रेम घ्या, पण चिमटा नवीन बसवा. पहार लावून तो सरळ करून देणारे दुकानदार भेटतील, त्यांना नम्रपणे नाही म्हणा. आडवाट यांच्या काकांनी जे सांगितले ते मऊ लोखंडाच्या चिमट्याबाबत जितके खरे होते तितकेच क्रोमॉलीबाबतही आहे. आणि पातळ नळी एकदा दुमडली की पुढच्या वेळी ती वाकत बसत नाही, जोडापाशी एकदम सुटते. सायकल आणल्यावर त्या जोडाचा उजेडातला फोटो इथे टाका, मी पाहून सांगतो.